शिक्षकांच्या व्यावसायिक कामासाठी स्पष्ट उद्दिष्टे आणि पॉडकास्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिक्षक-प्रशिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिक्षकाचे व्यावसायिक उद्दिष्ट आणि पॉडकास्ट या दोन वेगळ्याच गोष्टी नाहीत का? त्यांचा एकमेकांशी संबंध काय?

त्या वेगळ्या आहेत, आणि म्हणूनच त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. उद्दिष्ट आधी आणि ध्वनिमुद्रण नंतर. आपल्या अध्यापनात नेमके काय बदलायचे आहे हे शिक्षकाने ठरवले, की त्या बदलासाठी काय ऐकावे, कोणाशी बोलावे आणि स्वतःचे काय ध्वनिमुद्रित करावे हे ठरवता येते. ते ठरलेले नसेल, तर उत्तम पॉडकास्टसुद्धा कानावरून जातो आणि दुसऱ्या दिवशीचा तास आदल्या दिवशीसारखाच होतो.

पॉडकास्टचे साहाय्य तीन वाटांनी मिळू शकते: इतरांचे ऐकून (प्रश्न ७ आणि ८), आपला अनुभव इतरांपुढे मांडून (प्रश्न ९ ते ११) आणि स्वतःच्याच वर्गाचे ध्वनिमुद्रण खासगीत ऐकून (प्रश्न १२). तिसऱ्या वाटेला रूढ अर्थाने पॉडकास्ट म्हणता येणार नाही, पण माझ्या मते तिन्हींत सर्वांत फलदायी तीच आहे.

२. पॉडकास्ट म्हणजे नेमके काय? शिक्षकांच्या गटात पाठवलेली ध्वनिफीत हाही पॉडकास्टच ना?

ऐकणाऱ्याने एकदा नोंदणी केली, की ज्या ध्वनिमालिकेचा नवा भाग आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचतो, ती मालिका म्हणजे पॉडकास्ट. ही सोय आरएसएस फीडमुळे, म्हणजे नव्या भागांची यादी ऐकणाऱ्याच्या ॲपपर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या इंटरनेटवरील फाइलमुळे होते. सॉफ्टवेअर-रचनाकार डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस या फीडमध्ये ध्वनिफितीचा दुवा जोडण्याची तरतूद केली, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टला जागा दिल्यावर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. गटात पाठवलेली ध्वनिफीत तांत्रिक अर्थाने पॉडकास्ट नव्हे. ती संदेशांच्या गर्दीत हरवते, भाग क्रमाने सापडत नाहीत आणि नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला जुने भाग मिळत नाहीत. तरीही पाच-सहा शिक्षकांच्या गटाचे तेवढ्यावर भागत असेल, तर फीडचा खटाटोप करण्याची गरज नाही.

३. स्पष्ट उद्दिष्ट कशाला म्हणायचे? 'अध्यापनाचा दर्जा सुधारणे' हे उद्दिष्ट चालणार नाही का?

ती चांगली इच्छा आहे, परंतु उद्याच्या तासाला काय वेगळे करायचे हे तिच्यावरून कळत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी उद्दिष्टांविषयीच्या सुमारे ३५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००२ मध्ये घेतला. 'जमेल तितके चांगले करा' असे सांगितलेल्या लोकांपेक्षा नेमके आणि आव्हानात्मक उद्दिष्ट समोर असलेल्यांची कामगिरी सरस ठरते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आहे. मात्र त्यासाठी उद्दिष्ट मनापासून स्वीकारलेले असावे लागते आणि आपण कोठवर पोहोचलो हे वेळोवेळी कळत राहावे लागते.

उदाहरण घेऊ. 'वर्गात चर्चा वाढवणे' हे धूसर उद्दिष्ट आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'येत्या चार आठवड्यांत आठवीच्या विज्ञानाच्या तासांना प्रत्येक विचारप्रवर्तक प्रश्नानंतर मी किमान तीन सेकंद थांबेन आणि उत्तर कोण देणार हे त्यानंतरच सांगेन.' या वाक्याला तीन गोष्टींमुळे बळ येते. वर्गाच्या मागे बसलेल्या सहकाऱ्याला ते घडले की नाही हे दिसू शकते. ते घडवणे पूर्णतः शिक्षकाच्या हातात आहे. आणि त्याचा आढावा कधी घ्यायचा हेही ठरलेले आहे. आपले उद्दिष्ट या तीन अंगांनी तपासून पाहिले, तर बहुतेक धूसरपणा तेथेच दूर होतो.

४. प्रशिक्षणात आम्हाला 'स्मार्ट' उद्दिष्टे लिहायला शिकवले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

बऱ्याच वेळा पुरेसे असते. 'स्मार्ट' म्हणजे उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे, साध्य होण्याजोगे, वास्तववादी आणि कालबद्ध असावे, ही पाच इंग्रजी अक्षरांतून सांगितलेली कसोटी. पण ही कसोटी कोठून आली हे माहीत असलेले बरे. जॉर्ज डोरन यांनी ती १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडली. मूळ मांडणीत तिसरे अक्षर 'हे काम कोणाकडे सोपवले आहे' यासाठी होते. 'साध्य होण्याजोगे' हा अर्थ नंतर रूढ झाला. प्रत्येक उद्दिष्टाने पाचही निकष पाळलेच पाहिजेत असे नाही, हे स्वतः डोरन यांनीच स्पष्ट केले होते. आज अनेक ठिकाणी तक्त्याचे पाच रकाने भरणे हेच काम होऊन बसते, आणि त्यात मूळ हेतू हरवतो.

अध्यापनाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा जाणवते. जे कौशल्य आपल्याला अजून मुळातच येत नाही, त्यासाठी आकडा गाठण्याचे उद्दिष्ट ठेवले तर माणूस ओळखीच्या जुन्याच पद्धतीने आकडा गाठू पाहतो. गुंतागुंतीच्या नव्या कामात शिकण्याचे उद्दिष्ट अधिक उपयोगी पडते, असे लॉक आणि लॅथम यांच्या परंपरेतील संशोधनही सांगते. 'अपूर्णांकांची बेरीज चुकवणारी मुले नेमका कोणता विचार करतात, हे समजून घेण्याचे तीन मार्ग मी या महिन्यात वापरून पाहीन' हे शिकण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात टक्केवारी नाही, तरी ते पुरेसे स्पष्ट आहे.

५. उद्दिष्ट विद्यार्थ्यांच्या गुणांवर ठेवावे की स्वतःच्या शिकवण्यावर?

दिशा विद्यार्थ्यांच्या शिकण्याकडून घ्यावी आणि उद्दिष्ट स्वतःच्या कृतीचे लिहावे. आधी वह्या, चाचण्या किंवा तोंडी उत्तरे पाहून विद्यार्थी कोठे अडतात हे शोधावे. मग त्या अडचणीवर आपल्या हातात असलेला एक बदल निवडावा. 'वर्गाची सरासरी दहा टक्क्यांनी वाढवेन' असे लिहिले, तर त्या आकड्यावर परीक्षेची काठिण्यपातळी, गैरहजेरी, घरची परिस्थिती अशा अनेक गोष्टींचा परिणाम होतो आणि शिक्षकाला आपल्या प्रयत्नांविषयी काहीच बोध होत नाही.

यात एक धोकाही आहे. एखाद्या मापावर निर्णय जितके अधिक अवलंबून राहतात, तितके ते माप बिघडण्याची आणि ज्याचे मापन करायचे तीच प्रक्रिया विकृत होण्याची शक्यता वाढते, असे सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात मांडले होते. शिकवण्याची जागा परीक्षेच्या सरावाने घेतली जाणे हे त्याचे सर्वांना दिसणारे उदाहरण आहे.

६. एका वेळी किती उद्दिष्टे ठेवावीत आणि ती लक्षात कशी राहणार?

एका सत्रात एकच. फार तर दोन. लक्षात राहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली 'जर-तर' पद्धत वापरावी. 'मी विद्यार्थ्यांना अधिक वेळ देईन' याऐवजी 'जर मी प्रश्न विचारून संपवला, तर मनात तीन अंक मोजेन' असे वाक्य पाठ टाचणाच्या वरच्या कोपऱ्यात लिहावे. कृती एखाद्या नेमक्या क्षणाला बांधली गेली, की धावपळीच्या तासातही ती आठवण्याची शक्यता वाढते.

७. नुसते पॉडकास्ट ऐकून शिकवणे खरेच बदलते का?

नुसते ऐकून बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर दीर्घकाळ काम केलेल्या ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले, की सिद्धान्त ऐकणे, प्रात्यक्षिक पाहणे, स्वतः करून पाहणे, त्यावर प्रतिसाद मिळणे आणि प्रत्यक्ष वर्गात सोबत मिळणे या साऱ्या पायऱ्या एकत्र आल्या तरच नवी पद्धत वर्गात रुजते. पॉडकास्ट यांपैकी पहिली पायरी चांगली पार पाडतो. दुसरी तो अर्धवटच पार पाडतो, कारण फळा, वही आणि मुलांचे चेहरे आवाजात दिसत नाहीत. उरलेल्या पायऱ्या श्रोत्यालाच घडवाव्या लागतात.

सोबत मिळण्याचे महत्त्व किती, याचा अंदाज मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांच्या २०१८ च्या अभ्यासावरून येतो. शिक्षकांना वैयक्तिक मार्गदर्शन देणाऱ्या कार्यक्रमांवरील ६० अभ्यास एकत्र तपासल्यावर त्यांना अध्यापनावर ०.४९ आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ०.१८ प्रमाण विचलन (गुण किंवा निरीक्षणे सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) इतका परिणाम आढळला. शिक्षणक्षेत्रात हे आकडे लक्षणीय मानले जातात. कार्यक्रम मोठ्या संख्येने राबवले तेव्हा परिणाम घटला, हेही त्यांनी नोंदवले आहे.

म्हणून ऐकण्याभोवती थोडी रचना उभी करावी. भाग सुरू करण्याआधी आपल्या उद्दिष्टाशी जोडलेला एक प्रश्न लिहावा. उपयोगी काही सापडले, की तेथेच थांबून ते आपल्या विषयात कसे उतरेल याचे एक वाक्य लिहावे. दोन दिवसांच्या आत ते एका तासात करून पाहावे आणि काय घडले हे तोच भाग ऐकलेल्या एका सहकाऱ्याला सांगावे. प्रवासात किंवा घरकाम करताना ऐकण्यात गैर काही नाही. अनुभवकथन त्या वेळी चांगले समजते. एखादी पद्धत पायरीपायरीने समजावून दिलेली असेल, तर मात्र तो भाग वही-पेन घेऊन पुन्हा ऐकावा, कारण कानावर पडलेले वाक्य पानावरच्या वाक्यासारखे समोर थांबून राहत नाही.

८. इतके पॉडकास्ट उपलब्ध आहेत. माझ्यासाठी कोणता योग्य हे कसे ओळखावे?

लोकप्रियतेवरून ओळखू नये. कोणत्याही मालिकेचे दोन भाग ऐकावेत आणि काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. बोलणारी व्यक्ती सध्या वर्गात शिकवते का, किंवा वर्गात शिकवणाऱ्यांबरोबर काम करते का? एखादी पद्धत कोणत्या वयाच्या मुलांबरोबर, किती मोठ्या वर्गात आणि कोणत्या विषयात वापरली हे सांगितले आहे का? ती कोठे जमली नाही हेही सांगितले आहे का? 'संशोधन सांगते' असे म्हणताना कोणते संशोधन हे स्पष्ट केले आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर मालिका ऐकायला कितीही प्रेरक वाटली तरी कामासाठी ती दुय्यम मानावी. भाग एखादे साधन किंवा अभ्यासक्रम विकणाऱ्या संस्थेने प्रायोजित केला असेल, तर त्या साधनाविषयीची मते स्वतंत्रपणे पडताळावीत.

९. आम्हा काही शिक्षकांना स्वतःचा पॉडकास्ट सुरू करायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

एका वाक्यापासून करावी: 'हा पॉडकास्ट अमुक शिक्षकांना अमुक गोष्ट करायला मदत करतो.' नाव, बोधचित्र आणि संगीत यांचा विचार त्यानंतर. 'शिक्षणावरील गप्पा' हे वाक्य पुरेसे नाही. 'पहिली ते तिसरीच्या वर्गात वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांना अडखळत वाचणाऱ्या मुलांबरोबर काम करायला मदत' हे पुरेसे आहे, कारण कोणता विषय घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे त्यावरून ठरवता येते.

त्यानंतर सहा भागांचे एक पर्व आखावे आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न द्यावा. भागाच्या अखेरीस श्रोत्याने आठवडाभरात करून पाहण्याची एक छोटी कृती असावी, आणि पुढचा भाग ती कृती करून पाहिलेल्या एखाद्या शिक्षकाच्या अनुभवाने सुरू व्हावा. भागांना एकमेकांत गुंफणारी ही साधी योजना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे पॉडकास्ट एकतर्फी भाषण राहत नाही, आणि करून पाहणाऱ्या शिक्षकाला आपले काम कोणीतरी ऐकणार आहे याचे बळ मिळते. सहा भागांनंतर थांबून आढावा घ्यावा (प्रश्न १७) आणि पुढचे पर्व करायचे की नाही हे तेव्हा ठरवावे. न संपणारी मालिका जाहीर करून चौथ्या भागानंतर गप्प होण्यापेक्षा हे श्रोत्यांच्याही हिताचे आहे.

१०. भाग किती मिनिटांचा असावा? मुलाखत घ्यावी की एकट्याने बोलावे?

पंधरा ते वीस मिनिटे शिक्षकांच्या दिनक्रमात सहज बसतात, पण हा काही नियम नाही. एका प्रश्नाचे उत्तर आठ मिनिटांत पूर्ण होत असेल तर भाग आठ मिनिटांचाच ठेवावा. एकट्याने बोलण्यापेक्षा संवाद ऐकायला सोपा जातो आणि तयारीचा भारही वाटला जातो. मुलाखतीत 'तुमचे अध्यापनाचे तत्त्वज्ञान काय?' असे विचारले, तर सुविचार ऐकायला मिळतात. 'परवाच्या तासाला तुम्ही फळ्यावर पहिल्यांदा काय लिहिले आणि मुलांनी काय विचारले?' असे विचारले, तर काम ऐकायला मिळते. पाहुण्याला प्रश्न आधी पाठवावेत, मात्र लिहून आणलेली उत्तरे वाचू नयेत अशी विनंती करावी.

११. कोणती उपकरणे लागतात? महागडा माइक घ्यावा लागेल का?

सुरुवातीला चांगल्या स्थितीतील मोबाइल फोन पुरतो. आवाजाच्या दर्जावर उपकरणापेक्षा खोलीचा आणि अंतराचा परिणाम अधिक होतो. बोलणारा माइकपासून दुप्पट दूर गेला, की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि खोलीतला घुमणारा प्रतिध्वनी मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. रिकाम्या वर्गखोलीतले ध्वनिमुद्रण विहिरीतून आल्यासारखे वाटते ते यामुळेच. पडदे, पुस्तकांची कपाटे किंवा कापड असलेली लहान खोली निवडावी, पंखा बंद ठेवावा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. दोघे बोलत असतील तर शक्यतो प्रत्येकासाठी वेगळा फोन किंवा माइक ठेवावा.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात जपावे, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीत) असे ठेवल्यास त्याला मिनिटाला सुमारे ५.३ एमबी जागा लागते. प्रसारणासाठी ६४ केबीपीएस मोनो एमपी३ केल्यास २० मिनिटांचा भाग सुमारे १० एमबीमध्ये मावतो, आणि कमी डेटा असलेल्या श्रोत्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. आवाजाची सरासरी पातळी मोनो फितीसाठी उणे १९ आणि स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. तो पाळला, तर श्रोत्याला भागागणिक आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

१२. स्वतःच्या वर्गाचे ध्वनिमुद्रण ऐकून काय साधते? ते करताना संकोच वाटतो.

संकोच स्वाभाविक आहे. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्यांदा बहुतेकांना अवघड जाते. तरीही आपल्या उद्दिष्टाच्या दिशेने आपण खरेच सरकत आहोत का, हे कळण्याचा इतका सोपा आणि थेट मार्ग दुसरा नाही.

प्रश्नानंतरच्या शांततेचेच पाहा. विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे आढळले. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक नेल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली, न विचारता बोलणारे विद्यार्थी वाढले आणि उत्तरच न येण्याचे प्रसंग घटले. विद्यार्थ्याचे उत्तर संपल्यानंतर शिक्षक बोलू लागेपर्यंतची शांतताही तितकीच महत्त्वाची आहे, हा रो यांच्या कामातील दुसरा, पुष्कळदा विसरला जाणारा भाग. शिकवताना एक सेकंदसुद्धा लांब वाटतो, त्यामुळे आपण किती थांबलो याचा अंदाज सहसा चुकतो. ध्वनिमुद्रणात तो घड्याळ लावून मोजता येतो.

पद्धत अशी ठेवावी. फोन टेबलावर ठेवून तासाची केवळ दहा मिनिटे मुद्रित करावीत. ऐकताना उद्दिष्टाशी संबंधित एकच गोष्ट मोजावी: थांबलेले सेकंद, विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न, किंवा आपण बोललेली मिनिटे. उच्चार, चुका किंवा आवाजाचा पोत यांची झाडाझडती घेऊ नये. आकडे तारखेसह लिहून फीत पुसून टाकावी. वर्गात ध्वनिमुद्रण करण्याविषयी शाळेचे नियम आधी पाहावेत, फीत केवळ स्वतःसाठी असली तरीही विद्यार्थ्यांना तिची कल्पना द्यावी, आणि ती कोणाला ऐकवायची असेल तर प्रश्न १३ वाचावा.

१३. विद्यार्थ्यांचे आवाज किंवा त्यांचे प्रसंग पॉडकास्टमध्ये घेता येतील का?

आवाज घ्यायचा असेल तर पालकांची लेखी संमती, विद्यार्थ्याची स्वतःची तयारी आणि शाळेची परवानगी या तिन्ही गोष्टी असाव्यात. मुलांच्या माहितीविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून आपल्या ठिकाणचा नियम शाळेकडून लेखी स्वरूपात घ्यावा. संमतिपत्रात ध्वनिफीत कोठे आणि किती काळ उपलब्ध राहील आणि ती मागे घेण्यासाठी काय करावे हे साध्या भाषेत लिहावे. प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेला सर्वसाधारण अर्ज यासाठी पुरेसा धरू नये.

प्रसंग सांगताना नाव बदलणे पुरेसे नसते. लहान शाळेत 'सातवीतली एक मुलगी, जिचे वडील नुकतेच वारले' एवढ्या उल्लेखावरून सगळ्यांना ती कोण हे कळते. वर्ग, वर्ष, घरची परिस्थिती आणि घटनेचा काळ यांपैकी शैक्षणिक मुद्द्यासाठी जे आवश्यक नाही ते सारे गाळावे. तरीही ओळख लपत नसेल, तर तो प्रसंग कितीही बोलका असला तरी सोडून द्यावा. शिक्षकाला शिकता यावे म्हणून मुलाची गोष्ट उघड्यावर आणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१४. सुरुवातीला एखाद्या गाजलेल्या गाण्याची काही सेकंदांची धून वापरली तर चालते ना?

नाही. 'काही सेकंद चालतात' असा सर्वमान्य नियम नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील (निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा दिलेले) संगीत वापरता येते, परंतु परवान्याचा प्रकार पाहावा: नुसता 'बाय' असेल तर श्रेय देणे पुरते, 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, आणि 'एनडी' असेल तर बदल करून केलेली आवृत्ती प्रसारित करता येत नाही. आपल्याच शाळेतील संगीत शिक्षकांकडून लेखी परवानगीसह दहा सेकंदांची मूळ धून करून घेणे सर्वांत निर्धोक.

१५. प्रत्येक भागाची लेखी प्रत देणे खरेच आवश्यक आहे का? त्यात फार वेळ जातो.

आवश्यक आहे. ज्या सहकाऱ्यांना ऐकू येत नाही किंवा कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी लेखी प्रत नसलेला भाग अस्तित्वातच नसतो. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत मुद्रित ध्वनिफितीला लेखी पर्याय देणे ही सर्वांत प्राथमिक, म्हणजे 'ए' पातळीवरील अपेक्षा आहे. शिवाय लेखी प्रतीतून हवा तो मुद्दा शोधता येतो आणि बैठकीत वाचून दाखवता येतो. आवाजाचे मजकुरात रूपांतर करणारी साधने कच्चा खर्डा देतात. त्यातील नावे, आकडे आणि विषयाच्या संज्ञा माणसाने तपासल्याशिवाय तो प्रसिद्ध करू नये.

१६. मुख्याध्यापकांनी दर आठवड्याला एक भाग ऐकणे आणि उद्दिष्टाचा अहवाल देणे सक्तीचे केले आहे. हे योग्य आहे का?

त्यामागील तळमळ समजण्यासारखी असली, तरी या मार्गाने अहवाल मिळतात आणि बदल मिळत नाही. उद्दिष्ट स्वीकारलेले असावे लागते, ही प्रश्न ३ मधील अट येथेच मोडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की शिकण्यासाठी ठेवलेले उद्दिष्ट वार्षिक मूल्यमापनाला जोडले की शिक्षक सहज साध्य होईल तेवढेच लिहू लागतात. स्वतःच्या वर्गाची ध्वनिफीत तर कोणत्याही परिस्थितीत मूल्यमापनासाठी मागू नये.

मुख्याध्यापकांनी द्यायची खरी गोष्ट म्हणजे वेळ. आठवड्यातून तीस मिनिटे, वेळापत्रकात नोंदवलेली, त्यात दोन-तीन शिक्षक एकत्र बसतील आणि आपापल्या उद्दिष्टाविषयी बोलतील. त्यांनी स्वतःचेही एक उद्दिष्ट सर्वांसमोर ठेवले आणि त्याचा प्रामाणिक आढावा दिला, तर सक्तीची गरज उरत नाही. शिक्षकांनी हा मुद्दा तक्रार म्हणून न मांडता पर्यायी योजना म्हणून, लेखी आणि दोन महिन्यांच्या प्रायोगिक मुदतीसह मांडावा.

१७. या सगळ्याचा उपयोग झाला की नाही हे कसे मोजावे? आमचे डाउनलोड बरेच आहेत.

डाउनलोडवरून फीत पोहोचली एवढेच कळते. ती ऐकली गेली का, हेही कळत नाही. शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी २००० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचे मूल्यमापन पाच पातळ्यांवर करण्याची मांडणी केली: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, संस्थेचा पाठिंबा, नव्या ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर आणि विद्यार्थ्यांवरील परिणाम. नियोजन करताना याच पायऱ्या उलट्या क्रमाने, विद्यार्थ्यांपासून सुरू कराव्यात असा त्यांचा आग्रह आहे.

लहान गटाला पाचही पातळ्यांवर औपचारिक अभ्यास करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. चौथी पातळी धरून ठेवावी. प्रत्येक पर्वानंतर दहा-बारा श्रोत्यांना विचारावे: 'यातील काय तुम्ही वर्गात करून पाहिले? किती वेळा? आता ते करत आहात की सोडले?' सोडले असल्यास कारण अवश्य विचारावे, कारण पुढच्या पर्वाचे विषय त्या कारणांतूनच मिळतात. घाईने निष्कर्षही काढू नये. नवी पद्धत वापरून विद्यार्थ्यांमध्ये फरक दिसल्यानंतरच शिक्षकाची त्या पद्धतीवरील श्रद्धा दृढ होते, असे गस्की यांनीच १९८६ मध्ये मांडले होते. त्यामुळे सुरुवातीच्या साशंक प्रतिक्रिया अपयशाची खूण मानू नयेत.

१८. सत्राच्या मध्यावर लक्षात आले की ठरवलेले उद्दिष्टच चुकीचे आहे. बदलावे का?

कारण पाहून ठरवावे. उद्दिष्ट कठीण जात आहे म्हणून सोडायचे असेल तर आणखी दोन आठवडे द्यावेत आणि कृतीचा आकार लहान करावा: सगळ्या वर्गांऐवजी एक वर्ग, सगळ्या तासाऐवजी पहिली दहा मिनिटे. मूळ निदानच चुकले असेल, उदाहरणार्थ मुले बोलत नाहीत कारण त्यांना वेळ मिळत नाही असे वाटले होते आणि प्रत्यक्षात त्यांना प्रश्नातील शब्दच कळत नव्हते, तर उद्दिष्ट लगेच बदलावे. जुने उद्दिष्ट खोडून टाकू नये. ते का बदलले हे त्याखाली दोन ओळींत लिहावे. उद्दिष्ट शाळेच्या नोंदीत गेले असेल, तर बदल वरिष्ठांना त्याच वेळी कळवावा.

१९. प्रसारित भागात चुकीची माहिती गेली, किंवा पाहुण्याने आता भाग काढून टाकायला सांगितले, तर काय करावे?

चूक असेल तर दुरुस्त केलेली फीत होस्टिंग सेवेवर (फिती इंटरनेटवर साठवून फीड चालवणारी सेवा) त्याच भागाच्या जागी चढवावी. मात्र ज्यांनी भाग आधीच उतरवून घेतला आहे, त्यांच्याकडे जुनीच फीत राहण्याची शक्यता असते. म्हणून दुरुस्ती भागाच्या वर्णनात, लेखी प्रतीत आणि पुढील भागाच्या प्रारंभी स्पष्ट शब्दांत सांगावी.

पाहुण्याच्या विनंतीबाबतही हीच मर्यादा लागू होते: फीडमधून भाग काढता येतो, पण लोकांच्या फोनवर पोहोचलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. हे पाहुण्याला ध्वनिमुद्रणापूर्वीच सांगावे आणि प्रसारणाआधी संपादित भाग ऐकण्याची संधी द्यावी. त्यानंतरही विनंती आली आणि ती नोकरी, सुरक्षितता किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या ओळखीशी संबंधित असेल, तर कारणांची चर्चा करत न बसता भाग काढावा. केवळ मत बदलले असेल, तर ते बदललेले मत नोंदवणारा नवा भाग करण्याचा प्रस्ताव ठेवून पाहावा. एखादा शिक्षक आपले मत का बदलतो हे ऐकणे इतर शिक्षकांना मोलाचे असते.

२०. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेची बदली झाली आणि पॉडकास्ट बंद करायचा आहे. जुन्या भागांचे काय करावे?

शेवटचा एक छोटा भाग करून मालिका थांबत असल्याचे सांगावे आणि फीडमध्ये 'मालिका पूर्ण' अशी नोंद करावी. ॲपलच्या फीड-रचनेत त्यासाठी स्वतंत्र खूण आहे. होस्टिंग सेवेचे शुल्क थांबले की फिती नाहीशा होतात, म्हणून मूळ फिती आणि लेखी प्रती शाळेच्या किंवा गटाच्या सामायिक संग्रहात आधीच हलवाव्यात. दुसऱ्या सेवेवर स्थलांतर करायचे असेल, तर जुन्या फीडवरून नव्या फीडकडे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन लावून ते काही आठवडे सुरू ठेवावे. तसे न केल्यास नोंदणी केलेले श्रोते तुटतात. खात्याचे पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असतील, तर तिची बदली होण्यापूर्वी ते गटाच्या सामायिक ईमेल पत्त्यावर वळवून घ्यावेत. विद्यार्थ्यांचे आवाज असलेल्या भागांची संमती ठरावीक मुदतीची होती का, हे मात्र संग्रहात ठेवण्याआधी एकेक करून तपासावे, आणि मुदत संपलेले भाग संग्रहातूनही काढावेत.